रुईचं पाणी तेरवाडला जातं

प्रति,
मा. धैर्यशील माने,
खासदार, हातकणंगले लोकसभा मतदारसंघ



आपल्या मतदारसंघाच्या नकाशातल्या तालुक्यांच्या हद्दी पुसून नुसत्या नद्या ठेवल्या तर काय उरतं, ते एकदा बघावं अशी विनंती करून पत्राला सुरुवात करते. २००८ च्या पुनर्रचनेत जुना इचलकरंजी मतदारसंघ गेला आणि हातकणंगले आला. शाहूवाडी, शिराळा, इस्लामपूर, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात आले. ते मतांच्या हिशेबानं झालं असेल, पण त्यातून एक योग जुळून आला. पंचगंगेला पाणी देणारी कासारी शाहूवाडीच्या डोंगरात उगम पावते आणि पंचगंगा कृष्णेला मिळते ती नृसिंहवाडी शिरोळात आहे. मधला कोल्हापूरचा भाग तेवढा दुसऱ्या खासदारांकडे. चांदोलीहून निघालेली वारणा तर बरंच अंतर आपल्याच दोन तालुक्यांच्या मधून वाहते. उगम आणि संगम एकाच लोकप्रतिनिधीच्या वाट्याला यावेत, असं सहसा घडत नाही. त्यात आपण रुकडीचे, म्हणजे पंचगंगाकाठचेच. म्हणून हे पत्र मुंबईतल्या कुठल्या मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

माझं सासर रुईला आहे आणि माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. दोन्हीकडच्या अंगणातून नदी दिसते. सासरच्या बंधाऱ्यातलं पाणी पुढं इचलकरंजीला, तिथून तेरवाडला, मग शिरोळच्या बंधाऱ्यात आणि शेवटी संगमावरून माहेरच्या गावाला जातं. आमच्याकडं नदीत काय पडतं ते सासरी कळतं, आणि त्याचं पुढं काय होतं ते माहेरी.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपल्या जिल्ह्यानं राज्याला दिलेली गोष्ट. खांबांच्या खाचांत बरगे सरकवायचे आणि पावसाळा सरला की पाणी अडवायचं. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी ही माळच पंचगंगेवर आहे. या बंधाऱ्यांनी काठाला ऊस दिला, भाजीपाला दिला, प्यायला पाणी दिलं. पण बरगे पडले की नदी वाहायची थांबते, आणि थांबलेल्या पाण्याला स्वतःला धुऊन काढता येत नाही. दिवाळीच्या आगेमागे बरगे पडतात, त्याच सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. वरून कोल्हापूरचे नाले येत असतातच. खाली इचलकरंजीजवळ काळा ओढा मिळतो. त्याचं नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण काठावर उभं राहिलं की ते विचारावंही लागत नाही. कापडाच्या प्रोसेसचा रंग, कांजी, साबण आणि शहराचं सांडपाणी, सगळं त्यातून नदीत उतरतं आणि तेरवाडच्या बंधाऱ्याशी येऊन साचतं.

तिथं मासे मरतात. वर्तमानपत्रात दरवर्षी एक फोटो येतो, पांढऱ्या पोटांचा खच पडलेला. फोटोत दिसत नाही ते सांगते. मासे एकदम मरत नाहीत. आधी ते वर येतात. पाण्यात आलेली घाण कुजवताना सूक्ष्मजीव सगळा प्राणवायू ओढून घेतात, मग मासा पृष्ठभागाला तोंड लावून हवा घ्यायला बघतो. पहाटे तेरवाडच्या पाण्यावर अशी शेकडो तोंडं उघडझाप करताना दिसतात. कटला आणि रोहू लवकर जातात. वाम चिखल सोडून काठाला येते. चिलापी सगळ्यात चिवट, तीही दुपारपर्यंत उलटी होते. तोवर गावागावांतून माणसं घमेली आणि पोती घेऊन आलेली असतात. हे मासे खाऊ नका म्हणून दवंडी पिटली जाते, पण फुकटचा मासा दिसला की गरिबाचा हात थांबत नाही. काठावर बसलेला भोई मात्र एकही मासा उचलत नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांची त्याची कमाई त्याच्यासमोर तरंगत असते.

मग प्रदूषण मंडळाची माणसं येतात, बाटल्यांत नमुने भरतात. आंदोलक येतात, अधिकाऱ्यांना जाब विचारतात. दोन दिवसांनी बरगे काढले जातात, राधानगरीतून पाणी सोडलं जातं आणि काळं पाणी पुढं ढकललं जातं. याला कागदावर ‘नदी प्रवाहित करणं’ म्हणतात. शिरोळचा माणूस हे नीट ओळखून आहे. वरच्या गावानं घाण खाली ढकलली, एवढंच झालेलं असतं. छत्रपती शाहू महाराजांनी भोगावतीवर हे राधानगरीचं धरण बांधायला काढलं ते रयतेच्या शेतीसाठी. त्या धरणाचं पाणी आज गटार धुवायला वापरावं लागतं, याची खंत कुणाला तरी वाटली पाहिजे.

नदी कशी बिघडली याच्या अभ्यासाची वाण नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, नीरीनं अहवाल दिला. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले, आणि त्यात आमची पंचगंगाही होती. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून कसबा बावड्यात दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभं राहिलं, दुधाळीला आणखी एक झालं. काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण इतकं होऊनही पाणी काळंच राहत असेल, तर कुठल्या नाल्यातून काय येतं हे लोकांसमोर मांडायची हिंमत कुणी करत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. काठावर कारखाने सगळ्यांचे आहेत. सहकारातले आहेत, खासगी आहेत, या पक्षाच्या माणसांचे आहेत आणि त्या पक्षाच्याही. प्रोसेसच्या मालकांत आणि महापालिकेच्या राजकारणात नाती आहेत. निवडणुकीत पंचगंगा प्रत्येकाच्या जाहीरनाम्यात असते ती याच कारणानं, कारण ती कुणा एकाच्या विरोधात जात नाही.

इचलकरंजीला दोष देऊन मोकळं व्हायचं माझ्या मनात नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला. त्या एका मागातून उभ्या राहिलेल्या गावानं आमच्या तालुक्यातल्या हजारो घरांची चूल पेटवली. रुई, चंदूर, कबनूर इथली किती तरी माणसं पाळ्यांवर त्या मागांपाशी उभी आहेत. माझ्या सासरच्या घरातही मागाची कमाई आली आहे. आणि नदी बिघडल्याची सगळ्यात जबर किंमत मोजली तीही इचलकरंजीनंच. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथं काविळीची साथ आली. माणसं गेली, त्यात पोटुशी बायकाही होत्या. त्या दिवसांत गावातल्या कुठल्याही बोळात शिरलं तरी एखाद्या घरात पिवळे डोळे आणि उसाचा रस दिसायचा. ज्या गावानं हे भोगलं त्याला स्वच्छ पाणी मिळालंच पाहिजे, यात दुमत नाही.

पण ते कुठून आणायचं, या प्रश्नाला आपल्या राजकारणानं एकच उत्तर शोधलं : दुसऱ्याच्या नदीतून. आधी मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं. ते पुरेना, जलवाहिनीला गळती लागली. मग वारणेचं आणायचं ठरलं. २०१७-१८ च्या सुमारास वारणाकाठच्या दानोळीत जे झालं ते आपल्याला आठवत असेल. अधिकारी पोलीस बंदोबस्तात काम सुरू करायला गेले आणि अख्खं गाव, बायामाणसं, म्हातारेकोतारे रस्त्यावर बसले. योजना बारगळली. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना निघाली, ‘अमृत’मधून पैसा आला, आणि कागल-शिरोळचे शेतकरी उभे ठाकले. इचलकरंजीत पाण्यासाठी मोर्चे, सुळकुडात पाणी न देण्यासाठी मोर्चे. दोन्हीकडं तीच घोषणा, पाणी आमच्या हक्काचं. आणि या सगळ्यात २०२२ मध्ये महानगरपालिका झालेलं हे शहर ज्या नदीच्या काठावर वसलं आहे, तिच्यातून पाणी का घेता येत नाही हा प्रश्न मोर्चात कुणाच्याही फलकावर दिसला नाही.

मला नेमकं हेच आपल्यापुढं ठेवायचं आहे. दुसऱ्याच्या नदीची योजना मागितली की आपल्या नदीचा मृत्यू आपण मान्य केलेला असतो. एकदा शहर पंचगंगेचं पाणी पीत नाही असं ठरलं की पंचगंगा स्वच्छ ठेवायचं शहराला कारण उरत नाही. उरतात ते खालचे, ज्यांना दुसरी नदी नाही. तेरवाड, नांदणी, शिरढोण, कुरुंदवाड. दानोळी आणि इचलकरंजी दोन्ही आपल्यालाच मतं देतात. दानोळीत ‘वारणा वाचवू’ आणि इचलकरंजीत ‘पाणी आणू’ असं एकाच तोंडानं बोलायची पाळी कुठल्याही खासदारावर येते ती मधली नदी मेल्यामुळं. ती जगली तर या दोन गावांत भांडण उरत नाही.

आता माहेरच्या बाजूचं. वर्षातले आठ महिने ज्या गावांना नदीचं पाणी तोंडात घ्यायची सोय नसते, त्याच गावांची पावसाळ्यात बेटं होतात. आपल्या तालुक्यात वारणाकाठी निलेवाडी आणि जुने पारगाव. शिरोळात बस्तवाड, अकिवाट, राजापूर, खिद्रापूर, आणि कृष्णेपलीकडची औरवाड, गौरवाड, बुबनाळ, आलास ही गावं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. हे आकडे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, रुकडीच्या पुलामुळं रेल्वे थांबली आणि राज्याला कळलं की इथं पूर आलाय. पण महामार्ग बंद पडायच्या कितीतरी आधी बस्तवाडचा रस्ता बंद पडलेला असतो. दरवर्षी पडतो. त्याची बातमी होत नाही.

आमच्याकडं पूर्वी पुरात काहील वापरायचे. गुऱ्हाळावर रस कढवायची ती मोठी कढई. ती पाण्यात सोडायची, दोन-तीन माणसं बसायची, एकजण वल्हं मारायचा. बाळंतीण, आजारी म्हातारी, शिधा, सगळं काहिलीतून पलीकडं जायचं. तिला ना टोक ना सुकाणू, जागच्या जागी फिरायला लागली तर आतल्याला पलीकडचा काठच सापडत नाही. आता यांत्रिक बोटी आल्या, आपत्ती दलाचे जवान येतात, त्यांचे उपकार आहेतच. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये अकिवाट-बस्तवाड रस्त्यावरच्या पाण्यातून जाताना ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून माणसं वाहून गेली. गावात अडकलेल्यांना पिण्याचं पाणी द्यायला, मोटारी-जनावरं बघायला माणसं अशीच जात असतात. चहूबाजूंनी पाणी आणि पिण्याला थेंब नाही, अशा गावाला उंच रस्ता मागून किती वर्षं झाली ते तिथल्या कुठल्याही ग्रामपंचायतीचं दप्तर सांगेल.

लहान बेटांचं सगळीकडं असंच होतं. मुंबईच्या डोळ्यांसमोरच्या घारापुरीला वीज पोहोचायला २०१८ साल उजाडावं लागलं. समुद्रातल्या बेटाला निदान लोक बेट म्हणून ओळखतात. वर्षातले पंधरा-वीस दिवस बेट होणाऱ्या गावाचा कुठल्याच योजनेच्या रकान्यात समावेश होत नाही. मतं थोडी, आणि पाणी ओसरलं की दुःखही ओसरलं असं धरलं जातं.

पुराबद्दल बोलताना आपल्याकडं बोट लगेच आलमट्टीकडं जातं. कर्नाटकानं कृष्णेवरच्या त्या धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेऊ नये, या मागणीसोबत मी आहे. संसदेत ती ठामपणे मांडणं हे आपलं कामच आहे, कारण फुगवट्याची धास्ती घेऊन झोपणारी माणसं शिरोळातलीच आहेत. पण नुसतं आलमट्टीवर भागवलं तर आपल्या घरातल्या गोष्टी झाकल्या जातात. २०१९ च्या पुरानंतर शासनानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं सगळं खापर आलमट्टीवर फोडलं नव्हतं, नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडंही बोट दाखवलं होतं. पुराच्या निळ्या रेषेच्या आत बांधकामं कुणाच्या सहीनं झाली? महामार्गांचे भराव बंधाऱ्यासारखे आडवे पडले आहेत. चोकाक ते अंकली हा रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा पट्टा पुराच्याच वाटेवर आहे, आणि भराव नको, खांबांवर पूल करा, असं शेतकरी ओरडून सांगत आहेत. तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. म्हणजे ही मागणी मान्य करायला कर्नाटकाशी भांडावं लागत नाही. दिल्लीत, आपल्याच सरकारच्या खात्यात, एक फाईल हलवावी लागते.

इथं थोडं लांबचं बोलते. आमची नदी संपते ती आंध्रात, हंसलदीवीजवळ. तिथं कृष्णेच्या दोन फाट्यांमध्ये दिवीसीमा नावाचा बेटासारखा मुलूख आहे. शेतकरी आणि कोळी यांची वस्ती. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात समुद्र आत शिरला आणि हजारो माणसं गेली. आज त्या किनाऱ्याची तक्रार आमच्या उलट आहे. वरच्या धरणांनी गाळ अडवला, त्यामुळं त्रिभुज प्रदेशाचा काठ समुद्र कुरतडतो आहे. गोडं पाणी कमी पोहोचतं, खारेपणा आत सरकतो. ज्या कोळ्यानं कधी कोल्हापूर पाहिलं नाही त्याच्या जाळ्याचं बरंवाईट सह्याद्रीपासून खाली येताना ठरत जातं. आलमट्टीबद्दल आपण जे गाऱ्हाणं कर्नाटकाला सांगतो, तसंच गाऱ्हाणं तेरवाड इचलकरंजीला सांगतं, आणि इचलकरंजी कोल्हापूरला. खालच्याचं ऐकायची सवय आपण लावून घेतली, तरच कर्नाटकाला सांगायचा आपला आवाज चढतो.

दक्षिणद्वार सोहळ्याला आपण नृसिंहवाडीला आला असाल. उत्तरेकडून पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात बुडी मारायला लोक रात्रीअपरात्री लांबून येतात. पुराला घाबरणारा नव्हे तर त्याच्यापुढं हात जोडणारा हा मुलूख आहे. पावसाळ्यात जिला हात जोडले तिच्यातच जानेवारीत आपण कारखान्यांची मळी सोडतो, हे मला सहन होत नाही. माझ्यासारख्या किती तरी बायकांना होत नाही. संक्रांतीला नदीवर सुगडं घेऊन गेलं तर नाकाला पदर लावावा लागतो.

आपल्याला काय करता येईल, ते मला दिसतं तसं सांगते. जिल्ह्यातल्या केंद्रीय योजनांचा आढावा घेणारी ‘दिशा’ समिती खासदारांच्या अखत्यारीतली. तिथं पंचगंगेचा विषय आला तर ‘उपाययोजना सुरू आहेत’ हे उत्तर घेऊ नका. काळा ओढा, चंदूरचा ओढा, कोल्हापूरचा जयंती नाला, प्रत्येकाच्या तोंडाशी आज किती पाणी आलं आणि त्यातलं किती शुद्ध करून सोडलं, हा आकडा मागा. तो दर आठवड्याला रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळच्या बंधाऱ्यांवर फळ्यावर मराठीत लिहायला लावा. पातळीचे फूट-इंच पोरं पाठ करतात, तसा पाण्यातला प्राणवायूही पाठ करतील. एकदा आकडा गावाला कळला की कुणाचा ओढा घाण सोडतो हे सांगायला आंदोलन लागत नाही. यंत्रमागवाल्यांना आणि प्रोसेसवाल्यांना नुसत्या नोटिसा देऊन भागणार नाही. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सामूहिक व्यवस्था वाढवायला केंद्राच्या वस्त्रोद्योग खात्यातून पैसा आणणं आपल्याला जमण्यासारखं आहे. सुळकूडच्या वादात जितका वेळ गेला त्याच्या निम्मा या कामाला दिला तरी फरक पडेल.

मासे मरतात तेव्हा भोई बांधवांचा पंचनामा करा. गारपिटीत द्राक्षं गेली की तलाठी बांधावर येतो. जाळं रिकामं झालेल्याच्या दारात कुणी येत नाही, आणि नुकसान कुणी केलं हे माहीत असूनही भरपाई त्याच्याकडून वसूल करून भोयाच्या हातात पडत नाही. या माणसांची संख्या थोडी आहे, त्यांच्या मतांवर कुणी निवडून येत नाही हे खरं. पण नदीची तब्येत त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही. कुठल्या रात्री, कुठल्या वासानंतर मासा वर येतो हे ते प्रयोगशाळेच्या आधी सांगतात.

म्हणून येत्या ‘दिशा’ बैठकीला तेरवाड आणि शिरढोणचे दोन भोई, बस्तवाडच्या सरपंच आणि इचलकरंजीच्या प्रोसेसवाल्यांचा एक प्रतिनिधी यांना एकाच टेबलावर बोलवा. दानोळीच्या माणसांनाही बोलवा. अधिकारी आपला अहवाल वाचतील, तो त्यांनी या माणसांसमोर वाचावा. बैठक जानेवारीत घ्या, बरगे घातलेले असताना, आणि जमलं तर कोल्हापूरच्या सभागृहात न घेता तेरवाडच्या बंधाऱ्यावर घ्या. बैठकीची तारीख पक्की झाली की रुई आणि तेरवाड दोन्ही गावांच्या ग्रामपंचायतींना आठवडाभर आधी कळवावी, म्हणजे आम्हा बायकांनाही कामं आवरून येता येईल.

आपली,
हातकणंगले तालुक्यातली एक मतदार